रेनोहून नापा, ऐन हिवाळ्यात गाडीने: आधी घाटाचं बघा, मग वायनऱ्यांचं

तुम्ही लिहून विचारलेला बेत थोडक्यात असा. या उन्हाळ्यात टेक्सासहून नेवाडा राज्यातल्या रेनोला बदली होऊन आलात. आई-बाबा नाशिकहून आलेत आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत आहेत. बाबांची स्वतःची द्राक्षबाग आहे, म्हणून त्यांना नापा, म्हणजे कॅलिफोर्नियातलं वाइनच्या द्राक्षांचं खोरं, दाखवायचंय. २४ डिसेंबरला दुपारी ऑफिस सुटलं की निघायचं, २६ आणि २७ ला मिळून सहा वायनऱ्या करायच्या, २८ ला संध्याकाळी परत, २९ ला कामावर. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी सेडान, टायर ऑल-सीझन, चेन (बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या) नाहीत. आणि शेवटी विचारलंय, ‘सव्वातीन तासांचाच तर रस्ता आहे, त्यात एवढं काय ठरवायचं?’

मी कामासाठी सॅक्रामेंटो आणि रेनोच्या मध्ये बरीच वर्षं जा-ये करतोय, सगळ्या ऋतूंत. तेवढ्या अनुभवावर सांगतो: हा बेत असाच्या असा करू नका. सहल जरूर करा, बाबांना तर न्याच, पण तारखा बदला. आणि जाताना-येताना दोन्ही वेळेला एकेक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. पुढचं सगळं त्या मोकळ्या दिवसांसाठीच लिहितोय.

रेनोत नवीन असलेल्या माणसाची एक फसगत ठरलेली असते. रेनो कोरडं गाव आहे, वर्षभरात जेमतेम सात-आठ इंच पाऊस. हिवाळ्यातही लख्ख ऊन असतं. त्यामुळे पश्चिमेला अर्ध्या-पाऊण तासावर काय चाललंय याचा खिडकीतून अंदाजच येत नाही. पॅसिफिकवरून आलेली ओली हवा सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पश्चिम उतारावर चढते, थंड होते आणि सगळं तिथेच टाकून मोकळी होते. रेनोच्या वाट्याला नुसता वारा येतो. आपल्याकडे महाबळेश्वरला धो-धो आणि वाईच्या पुढे रखरखाट, तोच प्रकार, फक्त पावसाच्या जागी बर्फ. डॉनर खिंडीजवळ सोडा स्प्रिंग्जला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची सेंट्रल सिएरा स्नो लॅब आहे. तिथे सरासरी हिवाळ्यात साधारण तीस फूट बर्फ पडतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ७५४ इंच पडला, म्हणजे बासष्ट फुटांच्याही वर. तुमचा आय-८० महामार्ग त्याच खिंडीजवळून ७,२३९ फुटांवरून जातो.

याच परिसरात १८४६-४७ च्या हिवाळ्यात डॉनर पार्टी हा कॅलिफोर्नियाकडे निघालेला स्थलांतरितांचा तांडा अडकला आणि त्यांच्यातले निम्म्याच्या आसपास लोक दगावले. जानेवारी १९५२ मध्ये ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ नावाची आगगाडी सव्वादोनशे माणसांसकट तीन दिवस बर्फात रुतून बसली होती. ही जुनी उदाहरणं झाली, पण २०२१ मध्ये नाताळनंतर हाच फ्रीवे काही दिवस बंद होता, आणि मार्च २०२४ च्या सुरुवातीच्या हिमवादळातही बंद पडला. आज तिथे बर्फ बाजूला सारणाऱ्या नांगरगाड्या आहेत, कॅमेरे आहेत, सगळं आहे. तरीही निसर्गाने ठरवलं की कॅलट्रान्स, म्हणजे कॅलिफोर्नियाचं रस्ते खातं, फाटक लावतं, आणि मग तुमच्या हॉटेलचं बुकिंग कितीही पक्कं असो, काही उपयोग नाही.

आता तारखा. नाताळ ते नववर्ष हा आठवडा या रस्त्यावर सर्वांत वाईट. स्कीइंगला जाणाऱ्यांची गर्दी, ट्रक, आणि त्यात वादळ आलं तर चार तासांचे दहा तास होतात. त्याऐवजी जानेवारीचा शेवटचा आठवडा किंवा फेब्रुवारीचा पहिला घ्या. जानेवारीतला तिसरा सोमवार मार्टिन ल्यूथर किंगच्या सुट्टीचा आणि फेब्रुवारीतला तिसरा प्रेसिडेंट्स डेचा, ते दोन्ही लाँग वीकेंड टाळा. सोमवारी निघा, मंगळवार मोकळा ठेवा, गुरुवारी परत या, शुक्रवार हातात ठेवा. बर्फ जानेवारीतही तेवढाच असतो, त्याबाबत गैरसमज नको. फरक एवढाच की आठवड्याच्या मधल्या दिवसांत रस्ता मोकळा असतो, हॉटेलं स्वस्त असतात, आणि वादळ आलं तर एक दिवस पुढे-मागे सरकणं परवडतं. सुट्टीच्या आठवड्यात सरकायला जागाच नसते.

बाबांच्या दृष्टीनेही हीच वेळ चांगली आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

हवामान कसं बघायचं ते नीट समजून घ्या, कारण फोनवरचं ढगाचं चित्र इथे कामाचं नाही. अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसचं रेनो कार्यालय खिंडीच्या पूर्वेकडचं आणि ताहो सरोवराच्या भागाचं भाकीत देतं, सॅक्रामेंटो कार्यालय पश्चिम उताराचं. दोन्ही वाचा. त्यात सर्वांत महत्त्वाचा आकडा ‘स्नो लेव्हल’, म्हणजे किती उंचीच्या वर पावसाचा बर्फ होणार. हवाईच्या बाजूने उबदार दमट पट्टा आला तर स्नो लेव्हल आठ हजार फुटांच्या वर जाते. तेव्हा खिंडीतही पाऊसच असतो. रस्ता ओला, दगड-माती येण्याची शक्यता, पण निदान घसरगुंडी नाही. अलास्काकडून थंड वादळ आलं की तीच रेषा तीन-चार हजारांवर येते. मग खिंडीच्या पूर्वेच्या ट्रकीपासून पश्चिमेच्या कोलफॅक्सच्या जवळपासपर्यंत सगळा पट्टा पांढरा. कोलफॅक्स अडीच हजार फुटांच्या आतबाहेर आहे आणि ट्रकी सहा हजारांच्या जरा खाली, त्यामुळे आकडा बघितला की किती मैल बर्फातून जावं लागेल ते लगेच कळतं. पाच हजारांच्या खाली स्नो लेव्हल आणि ‘विंटर स्टॉर्म वॉर्निंग’ अशी दोन्ही जुळून आली, तर आई-बाबांना घेऊन निघायचं नाही. एवढी गोष्ट पक्की ठरवून टाका.

रस्त्याची प्रत्यक्ष स्थिती कॅलट्रान्सच्या ‘क्विकमॅप’वर दिसते. चेन लागू आहेत का, कुठून कुठपर्यंत, कॅमेऱ्यात आत्ता काय दिसतंय. नेवाडाच्या बाजूसाठी ५११ ही रस्त्यांच्या माहितीची सेवा. निघण्याच्या आदल्या रात्री, सकाळी उठल्यावर आणि गाडी सुरू करण्याआधी, असं तीनदा बघा. डॉनर समिट, किंगव्हेल, नायक आणि ब्लू कॅन्यनचे कॅमेरे ओळीने उघडले की घरबसल्या अख्खा घाट चढून-उतरून झाल्यासारखंच आहे.

चेनचे नियम तीन पायऱ्यांचे आहेत. ‘आर-१’ असेल तर ड्राइव्हच्या (इंजिन फिरवतं त्या) चाकांवर चेन किंवा स्नो टायर हवेत, फोर-व्हील आणि ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांना सूट. ‘आर-२’ असेल तर फक्त अशाच फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांना सूट, ज्यांच्या चारही चाकांना स्नो टायर आहेत. बाकी सगळ्यांनी चेन लावायच्या. ‘आर-३’ म्हणजे कुणालाच सूट नाही, पण ती वेळ क्वचित येते, त्याआधी रस्ताच बंद करतात. आणि ज्यांना सूट आहे त्यांच्याही गाडीत चेन असणं बंधनकारक आहे. स्नो टायर कशाला म्हणायचं हेही ठरलेलं आहे: टायरच्या कडेवर ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरं किंवा डोंगर-हिमकणाचं चिन्ह हवं, आणि खाचा निदान ६/३२ इंच खोल हव्यात. तुमच्या ऑल-सीझन टायरवर बहुधा ‘एम प्लस एस’ असेल. टेक्सासच्या रस्त्यांवर घासून खाचा किती उरल्यात ते मात्र मोजून घ्या. ‘आर-१’ला तेवढं चालून जाईल, ‘आर-२’ला तुम्हाला चेन लावाव्याच लागतील. नियमात बसणं वेगळं आणि गाडी रस्त्याला धरून राहणं वेगळं, हेही लक्षात असू द्या. निम्म्या झिजलेल्या ऑल-सीझनवर डॉनरचा उतार उतरायला माझं मन घेत नाही. हिवाळाभर रेनोत राहणार आहात तर खरे विंटर टायर चारही चाकांना घालूनच टाका, पैसे वाया जाणार नाहीत.

चेन घेण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. हल्लीच्या बऱ्याच सेडानमध्ये टायर आणि सस्पेन्शनमध्ये जागा इतकी कमी असते की जाड साखळी बसत नाही, केबलवाल्या बारीक ‘क्लास एस’ चेनच चालतात. काही गाड्यांना त्याही चालत नाहीत. टायरच्या मापाप्रमाणे रेनोतच घ्या. भाड्याची गाडी नेणार असाल तर करार वाचा, अनेक कंपन्या चेन लावायला परवानगी देत नाहीत.

घेतल्या की घराच्या ड्राइव्ह-वेवर कोरड्या जमिनीवर दोनदा लावून बघा. तुमची गाडी पुढच्या चाकांची, म्हणून चेन पुढेच. केबल जमिनीवर पसरून आधी पीळ सोडवायचा. मग चाकाच्या मागून सरकवून दोन्ही टोकं वर घ्यायची आणि आतल्या बाजूचा आकडा आधी अडकवायचा. तो दिसत नाही, बोटांनी चाचपून लावावा लागतो, आणि नेमकं तिथेच सगळे अडतात. त्यानंतर बाहेरचा आकडा, मग ताण द्यायची रबरी पट्टी. थोडं अंतर हळू चालवून पुन्हा उतरायचं आणि सैल झालेला भाग आवळायचा. हे न करता पुढे गेलात तर सुटलेलं टोक फेंडरवर फटफट आपटत राहतं आणि ब्रेकची नळी किंवा सेन्सरची तार तोडू शकतं. घाटात हेच काम अंधारात, चिखलमिश्रित बर्फात गुडघ्यावर बसून करायचंय, शेजारून ट्रक जात असतात. म्हणून जलरोधक हातमोजे, डोक्याला बांधायची बॅटरी आणि खाली टाकायला जुनी ताडपत्री हे तीन जिन्नस चेनच्या पिशवीतच ठेवायचे. चेन-अप एरियात, म्हणजे चेन लावायला ठेवलेल्या जागेत, उजवीकडे पूर्ण बाहेर घेऊनच थांबा, लेनमध्ये कधीच नाही. तिथे नंबरचा बिल्ला लावलेले परवानाधारक लोक पैसे घेऊन चेन लावून देतात. दर आधी विचारा, पावती घ्या, बिल्ल्याचा नंबर टिपून ठेवा. ते चेन विकत किंवा भाड्याने देत नाहीत, त्या तुमच्याच लागतात.

चेन लागू असलेल्या पट्ट्यात वेग ताशी २५ किंवा ३० मैलांवर आणतात. तो पाळाच. आणि पट्टा संपल्याची पाटी आली की लगेच काढा, कोरड्या डांबरावर चेन तुटतात.

चालवण्याबद्दल. ट्रकीहून डॉनर समिटपर्यंतचा चढ आखूड आणि उभा आहे, साधारण चौदाशे फूट. त्यानंतर मात्र सॅक्रामेंटोपर्यंत जवळजवळ समुद्रसपाटीला येईस्तोवर उतारच उतार. लोक चढाला घाबरतात, गाड्या घसरतात त्या उतारावर. क्रूझ कंट्रोल बंद ठेवा. गिअर खाली घेऊन इंजिनलाच गाडी धरू द्या. ब्रेक लागला तर सलग दाबा, एबीएसचा खडखडाट पायाला जाणवेल, पाय काढू नका. पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर ठेवा. कोणी मध्ये घुसला तर घुसू द्या. नांगरगाड्या तिरक्या ओळीने एकामागोमाग चालतात, त्यांना ओलांडायच्या फंदात पडू नका. त्यांच्या मागे रस्ता साफ असतो, पुढे नसतो.

वेळ सकाळची. डिसेंबर-जानेवारीत पावणेपाच-पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दिवसा वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं. ब्लॅक आइस म्हणतात ते हेच: रस्ता नुसता ओला दिसतो, प्रत्यक्षात काच असते. पूल आणि डोंगराच्या सावलीतली वळणं आधी गोठतात. इमिग्रंट गॅप आणि नायकच्या आसपास असे पट्टे बरेच आहेत. रेनोहून नऊ-दहाला निघा म्हणजे अकरा-बाराच्या सुमारास, उन्हं वर असताना खिंड पार होते. दुपारी ऑफिस सुटल्यावर निघणं म्हणजे नेमकं गोठायच्या वेळी उताराला लागणं. तुमच्या मूळ बेतातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट हीच.

खाली उतरलात की संपलं असंही नाही. पाऊस पडून गेल्यावर वारा पडला की सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात जमिनीलगत दाट धुकं साचतं, त्याला तिथे टुली फॉग म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी ऑबर्नला ऊन आणि खाली खोऱ्यात रोझव्हिलच्या पुढे काहीच दिसत नाही, असं सहज होतं. वेग कमी करा, दिवे लो-बीमवर ठेवा, हाय-बीमने उलट डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी राहते. धुकं बहुतेकदा दुपारपर्यंत विरळ होतं, ऑबर्नला जेवायला थांबलात तर निम्मा प्रश्न सुटतो. सॅक्रामेंटो आणि डेव्हिसच्या मध्ये योलो कॉजवे नावाचा लांबलचक पूल लागतो. पुराच्या दिवसांत खाली मैलोन्मैल पाणी आणि त्यावर पक्ष्यांचे थवे असतात. आईला खिडकीची जागा द्या.

घाट बंद असला तर? गूगलने दाखवलेल्या आडवाटा घेऊ नका, हे अगदी कळकळीने सांगतो. हिवाळ्यात जंगलातले ते रस्ते बंद असतात किंवा साफच केलेले नसतात, आणि फोनला रेंज नसते. जुना हायवे ४० हाही पर्याय नाही, तोही त्याच खिंडीतून जातो. यूएस-५० चा इको समिट ७,३८२ फुटांवर, म्हणजे डॉनरपेक्षाही उंच. स्टेट रूट ८८ चा कार्सन पास ८,५७४ फुटांवर. एकाच वादळात सगळ्यांची अवस्था सारखीच. उत्तरेला हॅलेलुया जंक्शनवरून स्टेट रूट ७० ने फेदर नदीच्या दरीतून उतरता येतं. तो रस्ता बराच खालून जातो, पण दरडींसाठी बदनाम आहे आणि लांबही पडतो. वादळातच जायचंय म्हणून तो घेऊ नये. जाताना घाट बंद असेल तर घरीच थांबा, म्हणूनच तो मोकळा दिवस.

परतीचा प्रवास मात्र जास्त नाजूक आहे, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. जाताना घर मागे असतं, नाही निघालात तरी चालतं. येताना हॉटेल सोडलेलं, ऑफिस समोर, आणि बर्फाचा मारा जिथे सर्वांत जास्त तो पश्चिम उतार चढायचाय. म्हणून परतीचा निर्णय नापात नाश्त्याच्या आधी घ्या, गाडीत बसल्यावर नाही. दुसऱ्यांदा रोझव्हिल किंवा ऑबर्नला थांबून बघा. कोलफॅक्सच्या वर राहण्या-खाण्याच्या सोयी विरळ होत जातात, आणि रस्ता बंद झाला की ऑबर्नची हॉटेलं भराभर भरतात. शंका वाटली तर ऑबर्नच्या आधीच खोली घ्या. साहेबांना आधीच सांगून ठेवा की शुक्रवारी कदाचित येणार नाही. ते सांगितलेलं असलं की माणूस शांत डोक्याने थांबतो. न सांगितलेला माणूस संध्याकाळी सहाला बर्फात गाडी घालतो.

गाडीत काय असावं याची यादी सगळीकडे मिळते, मी आपल्या माणसांच्या दृष्टीने तेवढंच सांगतो. आई-बाबांची औषधं डिकीतल्या बॅगेत नाही, हाताशी. चेनच्या रांगेत तीन तास जाऊ शकतात, मधुमेह असेल तर खाणं जवळ हवं. थर्मासमध्ये चहा, दशम्या, सुका मेवा, पाणी. प्रत्येकाला एक जाड पांघरूण. ट्रकीला सगळ्यांनी टॉयलेटला जाऊन घ्यायचं, इच्छा असो-नसो. पेट्रोल रेनोतच फुल करा, कॅलिफोर्नियात महाग आहे. येताना ऑबर्नला भरा. काच धुण्याचं पाणी गोठणार नाही असं घाला. टायरची हवा थंडीत उतरते, दर दहा अंश फॅरनहाइटला साधारण एक पीएसआय, त्यामुळे निघायच्या सकाळी मोजा. कुठे अडकून पडलात आणि इंजिन चालू ठेवावं लागलं तर सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ अधूनमधून काढत राहा, नाहीतर विषारी वायू आत येतो.

ट्रकीजवळ कॅलिफोर्नियाच्या शेतकी खात्याचा नाका आहे. फळं, रोपं आहेत का विचारतात. बाबांना सांगून ठेवा: संत्री-लिंबं, कलमाच्या काड्या, काही बरोबर नको. आणि परत येतानाही नापातून आठवण म्हणून छाटलेली काडी खिशात घालायची नाही. द्राक्षावरचे रोग-किडी काडीतूनच पसरतात, बाबांना हे वेगळं सांगायला नको.

आता नापा. खोरं लहान आहे, नापा गावापासून कॅलिस्टोगापर्यंत तीसेक मैल. दोन समांतर रस्ते: पश्चिमेला हायवे २९, पूर्वेला सिल्व्हराडो ट्रेल. दुसरा शांत आणि देखणा, त्यानेच फिरा. दोन दिवसांत सहा वायनऱ्या फार होतात. दिवसाला फार तर दोन, एक सकाळी अकराला आणि एक दुपारी अडीचला. जवळजवळ सगळीकडे आधी वेळ घ्यावी लागते. टेस्टिंगला माणशी ४० ते ८० डॉलर सहज लागतात, नावाजलेल्या ठिकाणी त्याहून बरेच जास्त. बाटल्या घेतल्या तर काही जण ती रक्कम माफ करतात. बुक करताना दोन गोष्टी विचारा: न पिणाऱ्यांसाठी पैसे पडतात का, आणि घाट बंद झाला तर तारीख बदलून देणार का. जे दुसऱ्याला नाही म्हणतात त्यांच्याकडे बुक करू नका. हॉटेलचंही तेच.

बाबांना इतिहासाची आवड असेल तर कॅलिस्टोगाची शातो मॉन्टेलेना ही वायनरी दाखवा. १९७६ मध्ये पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांवरची नावं झाकून चव घेतली, तेव्हा पांढऱ्या वाइनमध्ये यांची १९७३ ची शार्डने पहिली आली, आणि लालमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची कॅबर्ने. नापाचं नाव जगभर झालं ते तेव्हापासून.

पण खरी मेजवानी मळ्यात आहे. नाशिककडे वेल खऱ्या अर्थाने झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. नापात थंडीने पानं गळून वेल पूर्ण सुप्त होतो आणि छाटणी एकदाच, साधारण जानेवारी ते मार्चच्या मध्ये. तुम्ही जाल तेव्हा ओळींमध्ये माणसं कात्र्या घेऊन काम करत असतील. बऱ्याच मळ्यांत ओलांड्यावरच्या (तारेवर आडव्या वाढवलेल्या कायमच्या फांदीवरच्या) प्रत्येक काडीला दोन डोळे ठेवून बाकी काढतात. काही ठिकाणी ओलांडा ठेवतच नाहीत, दरवर्षी नवी लांब काडी तारेवर बांधतात. बाबा पाच मिनिटांत ओळखतील कोणत्या मळ्यात काय चाललंय. त्यांना विचारायला एक चांगला प्रश्न देतो: पावसात छाटणी का टाळता? ओल्या हवेत ताज्या जखमेतून खोड मारणारी बुरशी शिरते, म्हणून कोणी कोरडे दिवस धरतो, कोणी मुद्दाम उशिरा छाटतो. खुंटाचंही, म्हणजे ज्या मुळांवर कलम बांधतात त्याचंही, विचारायला लावा. आपल्याकडे डॉगरिज हा खुंट पाणी आणि क्षारांसाठी लावतात, तिथे खुंट आला तो फिलॉक्सेरा नावाच्या मुळावरच्या किडीमुळे. त्या किडीने १९८० च्या दशकात पुन्हा डोकं काढलं आणि एएक्सआर-१ या खुंटावरच्या बागा उपटून नव्याने लावाव्या लागल्या. बुकिंग करताना लिहा की वडील द्राक्ष बागायतदार आहेत, नुसती टेस्टिंग नको, मळा बघायचाय. लहान, घरच्या घरी चालणाऱ्या वायनऱ्या अशा पाहुण्यांना हिवाळ्यात आनंदाने वेळ देतात, सप्टेंबरच्या तोडणीत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. जानेवारीअखेरपासून ओळींमध्ये मोहरी फुलते, काळ्या खोडांखाली सगळं पिवळं. आईला ते वायनरीपेक्षा जास्त आवडेल, आणि कॅलिस्टोगाचे गरम पाण्याचे झरेही.

नापाहून सोनोमाला जायचं झालं तर मधल्या मायाकामास डोंगरातून ओकव्हिल ग्रेड आणि ट्रिनिटी रोड हा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो. अरुंद, नागमोडी, पावसात ओल्या पानांनी निसरडा, आणि मागे बसलेल्यांना हमखास मळमळ. स्प्रिंग माउंटन रोडचंही तसंच. दक्षिणेकडून कार्नेरोसमधून हायवे १२-१२१ ने जा, वेळ जवळपास तेवढाच लागतो. जोरदार पाऊस असेल तर रशियन नदीकडे, गर्नव्हिलच्या बाजूला फिरकू नका. २०१९ च्या फेब्रुवारीत ते गाव पाण्याखाली होतं.

पिण्याचं स्पष्ट ठरवा: तुम्ही आणि पत्नी यांच्यात त्या दिवशी गाडी कोण चालवणार, तो पिणार नाही. कॅलिफोर्नियात मर्यादा ०.०८ टक्के आहे, पण ती गाठेपर्यंत थांबायचं नसतं. एका टेस्टिंगमध्ये चार-पाच वाइन, प्रत्येकी एक-दोन औंस, नापाची कॅबर्ने बहुतेकदा १४ टक्क्यांच्या वर. दोन वायनऱ्यांत बघता बघता दोन-तीन ग्लास होतात. चव घेऊन भांड्यात थुंकण्यात काही कमीपणा नाही, धंद्यातले लोक तेच करतात. दोघांनाही चव घ्यायची असेल तर त्या दिवशी ड्रायव्हर ठरवा. उघडलेली बाटली गाडीत बसायच्या जागेत ठेवायला कायद्याने मनाई आहे, ती डिकीत. आणि घाट चढायच्या दिवशी टेस्टिंग अजिबात नाही, सकाळचीसुद्धा नाही.

परत आल्यावर सगळे दमलेले असतात आणि बाटल्या रात्रभर गाडीतच राहतात. रेनोत जानेवारीच्या रात्री पारा वीस फॅरनहाइटच्या खाली सहज जातो आणि वाइन साधारण तिथेच गोठायला लागते. गोठताना फुगते आणि बूच वर ढकलते, कधी बाटली तडकते. बॅगा सकाळी काढल्या तरी चालतील, वाइन त्याच रात्री घरात घ्या.